पूजेला बसलेला कॉम्प्युटर

फुलं एकेक करून नाहीशी होत होती. आधी ‘कोयरी लहान’ गेली, मग ‘कोयरी मोठी’, मग ‘बांगडी मोर’. ताटातला घास हातात तसाच धरून मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसले होते. मला वाटलं, आमचा जोतिराम ऑफिसात बसून फाइली इकडच्या तिकडे करतोय. मग आठवलं, आज खंडेनवमी. आज ऑफिसात कोण असणार? सकाळची आरती झाली तशी सगळ्यांच्या आधी मीच घरी पळाले होते, पुरणपोळीच्या ओढीनं.

खंडेनवमीला इचलकरंजीचे माग थांबतात. एरवी ज्या गावात समोरासमोर उभी असलेली माणसंही ओरडून बोलतात, तिथं त्या दिवशी चिमण्या ऐकू येतात. माग धुवायचे, पुसायचे, झेंडूच्या माळा घालून पूजेला बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही, ही आम्हा कोष्ट्यांची रीत. आमच्या कारखान्यात मागांच्या जोडीला ऑफिसातला कॉम्प्युटर आणि ऑफिसचा मोबाइलही पूजेला बसे. घरचा लॅपटॉप यंत्रात मोडत नाही, अशी सोयीस्कर समजूत माझी मीच करून घेतली होती.

‘चार पाकळी’ अजून दिसत होती. मी ती उघडायला गेले आणि तीही माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी उठले ती उष्ट्या हातानंच लॅपटॉप उचलून स्कूटरकडे धावले. आई मागून काहीतरी विचारत होती. काय विचारत होती ते मला आजही माहीत नाही.

ती डिझाइनं माझ्या विरूपाक्षकाकांची होती. उरुणकर जॅकर्ड ह्या आमच्या नक्षीच्या कापडाच्या कारखान्याचं सगळं नाव त्यांच्या हातावर उभं होतं. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून ते फूल उभं करायचे, आणि मागावर ते कापडात उतरलं की लहान मुलासारखे टाळी वाजवायचे. मला आठवतं तेव्हापासून त्यांच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. उरलेल्या चार बोटांत पेन्सिल धरून ते जे काढायचे, ते पाच बोटंवाल्यांना जमत नसे. त्यांच्या डिझाइनांत सगळ्यांत जास्त खपलेली ‘चार पाकळी’. चारच पाकळ्या का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, पाचवी मागाला वाहिली. मी ते थट्टेवारी नेलं.

पुढे पंचगंगेला मोठा पूर आला तेव्हा ऑफिसात पाणी शिरून त्या कागदांचा लगदा झाला. नशिबानं त्याआधीच सगळे कागद स्कॅन झाले होते. नंतर ती सगळी डिझाइनं क्लाउडवर चढली. त्यानंतर काका गेले. आता रत्नाकाकी कारखाना चालवत होती आणि मी डिझाइन बघत होते. थोडक्यात सांगायचं तर काकांचं जे काही उरलं होतं ते त्या एका खात्यात होतं, आणि कोणीतरी ते खातं झाडून काढत होतं.

काकी कारखान्यातच होती. पूजा मांडली की ती जागची हलत नसे. समईत तेल घालायचं निमित्त काढून ती दिवसभर तिथंच बसे. दारात जोतिराम तिच्यासाठी पान जमवत होता. जोतिराम आमचा जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. काकांच्या हाताखाली तयार झालेला आणि काकांपेक्षा जोरात बोलणारा.

मी धापा टाकत सांगितलं, की कुणीतरी आपलं खातं फोडलंय, डिझाइनं पुसतोय, ऑफिसचा कॉम्प्युटर आत्ता चालू करायला हवा. त्या कॉम्प्युटरवर क्लाउडमधल्या सगळ्या फाइली उतरलेल्या असत. त्या तेवढ्या दुसरीकडे काढून ठेवल्या की मिटलं, असा माझा साधा हिशेब. मी ऑफिसच्या दाराकडे वळले तर काकी उंबऱ्यात उभी.

“आज यंत्राला हात लावायचा नाही.”

“काकी, तो काकांची डिझाइनं पुसायलाय. सगळी.”

“ऐकलं मी. तरी लावायचा नाही. ह्यांनी एकदा लावला होता.”

मी तिला काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. देव काय कॉम्प्युटर चालवतो का, इथपासून सुरुवात केली आणि पार तिच्या शिक्षणापर्यंत गेले. काकीनं सगळं ऐकून घेतलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त दारातून हलली नाही, आणि काकीच्या अंगापिंडाचा विचार करता तिला बाजूला सारणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

आमची ही हुज्जत चालू असतानाच पडदा पांढरा झाला. खात्यात संशयास्पद हालचाल दिसली म्हणून खातं बंद केलं आहे, असा निरोप होता. क्लाउडवाल्या कंपनीला कुठेतरी खटकलं असावं, आणि तिनं चोराला आणि आम्हाला एकाच वेळी दाराबाहेर काढलं होतं. मला हसावं की रडावं कळेना.

“पण तेला पासवर्ड कळला कसा?” जोतिरामनं विचारलं. मग त्याला काहीतरी आठवलं आणि माझा चेहरा खुलवायला म्हणून त्यानं आपला फोन माझ्यासमोर धरला. सकाळी त्यानं पूजेचा फोटो काढून कारखान्याच्या फेसबुकच्या पानावर टाकला होता. लोकांनी भरभरून वाखाणला होता. गुजरातेतल्या व्यापाऱ्यांनीसुद्धा हात जोडले होते.

फोटो खरंच सुरेख होता. मध्ये कॉम्प्युटर, त्याला माळ, पुढे मोबाइल, त्यावर हळदकुंकू. आणि मागे भिंतीवर लाल ऑइलपेंटमध्ये, वीतभर अक्षरात, आमचा पासवर्ड.

ह्या भिंतीची हकीकत अशी, की काकीला पासवर्ड लक्षात राहत नसे. दर वेळी मला विचारायचा तिला संकोच वाटे. मागच्या वर्षी ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ असं लिहायला पेंटर आला, तेव्हा तिनं त्याच्याकडूनच त्या ओळीखाली पासवर्डही रंगवून घेतला. खात्याचा पत्ता तर कारखान्याच्या पानावर होताच. मोबाइलवर दर वेळी कोड येण्याची सोय मी केली होती, ती कटकट नको म्हणून काकीनं बंद करायला लावली होती. म्हणजे कुलूप आमचं, किल्ली आमची, आणि ती भिंतीला टांगून फोटो काढून वाटलाही आम्हीच.

जोतिरामनं भिंतीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि गपकन बाकावर बसला. काकी भिंतीकडे बघत राहिली. तिच्या हातातलं पान तसंच राहिलं.

“परत मिळायची काही वाट?” तिनं विचारलं.

वाट होती. खात्याला ऑफिसच्या मोबाइलचा नंबर जोडलेला होता. चोरानं तो बदलला असला तरी कंपनी जुन्या नंबरवरही काही दिवस कोड पाठवते, हे मला माहीत होतं. कोड आला की खातं आपलं. फक्त तो मोबाइल कॉम्प्युटरच्या पुढ्यात, बंद करून, पूजेला बसला होता.

आता भांडायचं त्राणही नव्हतं. काकीनं पान खाली ठेवलं, नळावर जाऊन हात धुतले, पदर खांद्यावरून घेतला आणि पूजेसमोर बसली. मोबाइलवर तिनं अक्षता टाकल्या, दह्याचं बोट लावलं, हात जोडले आणि मोबाइल जागेवरून जरासा हलवला.

“आई चौंडेश्वरी, एवढा एक सोडवून घेते. बाकी सगळं उद्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “फोनची उत्तरपूजा झाली. घे. कॉम्प्युटरकडं बघायचंसुद्धा नाही.”

मी फोन झडप घालून घेतला आणि बटण दाबलं. काही नाही. बॅटरी संपलेली, आणि चार्जरची पिन लावायच्या भोकात हळद, कुंकू आणि आता दही. कारखान्याची वीजही मेनपासून बंद, कारण मेन स्विचलाही माळ होती. इथं जोतिराम पुन्हा जिवंत झाला. त्यानं खिशातून मागाची बारीक सुई काढली, लुगड्याच्या चिंधीनं आणि सुईनं ते भोक असं निगुतीनं साफ केलं, की दागिना घडवणाऱ्यानंही बघत राहावं. माझ्या लॅपटॉपला वायर लावून फोन जोडला. आम्ही तिघंही त्या बोटभर पडद्यावर डोकी घालून बसलो. बराच वेळ काही होईना. मग बॅटरीचं चित्र उमटलं आणि काकीनं माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत वळ राहिले.

लॅपटॉपला समोरच्या चहावाल्याचं वायफाय मिळत होतं, पण फोन चालू झाला तरी पत्र्याच्या शेडमध्ये त्याला रेंज मिळेना. जोतिराम फोन घेऊन अंगणात, माल चढवायच्या कट्ट्यावर उभा राहिला, हात वर करून. मी आत लॅपटॉपवर जुना पासवर्ड घातला, कोड मागवला आणि हाक दिली. तेवढ्यात कट्ट्यावर फोन वाजला.

जोतिराम मोठ्या अदबीनं बोलत होता. हिंदीत ‘हां साब, हां साब’ चाललं होतं. मग त्यानं आत तोंड करून आनंदानं सांगितलं, की कंपनीचाच फोन आहे, साहेब म्हणतात आता जो कोड येईल तो सांगा, लगेच खातं सुरू करून देतो. कंपनी असा फोन करत नसते; नंबर चोराला खात्यातच मिळाला असणार. चोरालाही आत जायचं होतं. त्यालाही तोच कोड हवा होता. मी उठेपर्यंत, लॅपटॉपला लावलेली वायर पायातून सोडवेपर्यंत, काकी अंगणात पोचलीसुद्धा होती. तिनं जोतिरामच्या हातातून फोन काढून कानाला लावला.

“हां. कोण बोलतंय? कंपनी का? असू दे.” तिचा आवाज आरतीनंतर प्रसाद वाटताना असतो तितका मऊ होता. “आज खंडेनवमी हाय. आज आमच्यात काम बंद असतंय. काय असंल ते दसरा झाल्यावर.”

आणि तिनं फोन ठेवला.

ती फसवणूक ओळखून असं बोलली की खरोखरच सण म्हणून काम पुढं ढकललं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. तितक्यात फोन टिणटिणला. कोड आला होता. जोतिरामनं छाती भरून श्वास घेतला आणि पहिला आकडा ओरडणार एवढ्यात काकीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“गल्लीला सांगतोस व्हय? आत जाऊन कानात सांग.”

भिंतीवर वीतभर अक्षरात पासवर्ड रंगवून घेणारी बाई हीच. जोतिराम धावत आत आला आणि माझ्या कानाला लागून एकेक आकडा असा सांगू लागला, जणू बारशात बाळाचं नाव सांगतोय. त्याच्या मिशा कानाला टोचत होत्या. मी आकडे टाकले, बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरलं, फिरलं, आणि आमचं खातं उघडलं.

मी ओरडलेच असेन, कारण समोरच्या चहावाल्यानं येऊन डोकावून पाहिलं. मग माझे हात कसे चालले ते माझं मला माहीत. चोराचा नंबर काढून टाकला. कुठून कुठून खातं उघडं आहे ती सगळी ठिकाणं एका फटक्यात बंद केली. नवा पासवर्ड घातला. तो घालताना काकी आपणहून पाठ करून उभी राहिली, आणि जोतिरामलाही तिनं खांद्याला धरून वळवलं. कोडाची बंद केलेली सोय पुन्हा चालू केली, आणि ह्या वेळी काकीनं हूं की चूं केलं नाही. आम्ही जिंकलो होतो. जोतिराम पेढे आणायला निघालासुद्धा.

मग मी डिझाइनांचा कप्पा उघडला. तो रिकामा होता.

कचऱ्याची टोपली उघडली. चोरानं तीही रिकामी केली होती. मी कंपनीला विनंती पाठवली. प्रयत्न करू, खात्री देता येत नाही, असं उत्तर ताबडतोब आलं. ताबडतोब येणाऱ्या उत्तरांवर माझा विश्वास नाही.

“चार पाकळी?” काकीनं विचारलं.

“नाही, काकी.”

ती बाकावर बसली. तिला रडताना मी काका गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं, आणि आताही ती रडली नाही. ती फक्त हातातला पदर पिळत राहिली. मग तिनं मला, आजवर कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. लग्नानंतरची दुसरी खंडेनवमी. परगावचा माल अडला होता. सकाळी पूजा झाली आणि दुपारी काकांनी तिला न सांगता माग चालू केला. अजून माळा अंगावर होत्या. माळ पट्ट्यात ओढली गेली, ती सोडवायला त्यांनी हात घातला.

“दवाखान्यात पट्टी बांधलेल्या हातानं त्यांनी ते फूल काढलं,” काकी म्हणाली. “मी रडायलेली. मला हसवायला. म्हणाले, बघ, आता फुलंबी माझ्यासारखीच.”

दुपारी तिच्या तोंडावर जे जे फेकलं होतं ते सगळं आठवलं आणि जीभ झडावी असं वाटलं. नजर चुकवायला म्हणून मी जोतिरामचा स्वतःचा, बाकावर राहिलेला फोन उचलला. त्यावर अजून तो फोटो होता. माळ घातलेला कॉम्प्युटर. पडदा काळा. आणि खाली, नीट गुंडाळून, वर झेंडूचं फूल ठेवलेला त्याचा प्लग, भिंतीतून काढलेला.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. मग उठून उभी राहिले.

चोरानं पासवर्ड ह्या फोटोतून घेतला. म्हणजे तो खात्यात शिरला तो फोटोनंतर. आणि फोटोतच कॉम्प्युटर बंद होता. त्या कॉम्प्युटरची सोय अशी, की क्लाउडवर जे असेल तेच त्याच्यात दिसायचं. तिकडे नवं आलं की इकडे उतरायचं, तिकडे पुसलं की इकडेही पुसलं जायचं; पण त्याला वीज आणि इंटरनेट मिळेल तेव्हाच. सकाळपासून त्याला दोन्ही मिळालं नव्हतं. त्याला काही कळलेलंच नव्हतं. त्याच्या पोटात सगळी फुलं कालच्या जागी होती.

आणि दुपारी काकी उंबऱ्यातून बाजूला झाली असती तर? मी मेन चालू केला असता, कॉम्प्युटर चालू केला असता, इंटरनेट आपोआप जोडलं गेलं असतं, आणि चोराच्या जोडीनं आमच्याच कॉम्प्युटरनं काकांची सगळी डिझाइनं माझ्यासमोर पुसून टाकली असती. मी स्वतः बटण दाबून.

हे मी काकीला सांगायला लागले तर माझे शब्द एकमेकांत अडकू लागले. तिला वायरी, इंटरनेट काही कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, की उद्यापर्यंत ती फुलं तिथं राहतील का. मी म्हटलं, हात लावला नाही तर राहतील.

“मग कोण लावतंय हात,” काकी म्हणाली, आणि समईत तेल घालायला उठली.

दसऱ्याच्या सकाळी काकीनं उत्तरपूजा केली. मी कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर उपटून काढली. तरी काकीचं समाधान होईना म्हणून जोतिराम अख्खा राउटर काखेत मारून अंगणात जाऊन उभा राहिला, आणि सांगेपर्यंत आत येऊ नकोस अशी त्याला ताकीद मिळाली. ऑफिसापुरती वीज चालू केली. मी प्लग लावला, बटण दाबलं. कॉम्प्युटर घरघरला. माळेतली एक पाकळी पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होती. मी कप्पा उघडला.

‘कोयरी लहान’. ‘कोयरी मोठी’. ‘बांगडी मोर’. ओळीनं सगळी.

मी आधी सगळं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं, मगच ‘चार पाकळी’ उघडली. पडद्यावर फूल हळूहळू वरून खाली उतरलं. कागदावरचा जुना पिवळेपणा, रंगवलेली घरं, एका कडेला कापलेल्या हातानं जरा वाकडी गेलेली रेघ, सगळं जसंच्या तसं. काकी पुढे आली. तिनं पडद्यावर बोट टेकवून पाकळ्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार. मग तिनं पूजेच्या ताटातलं कुंकू बोटाला लावलं आणि जिथं पाचवी पाकळी असायला हवी होती त्या रिकाम्या जागी ठेवलं.

बाहेरून जोतिराम विचारत होता, आत येऊ का.

“ये,” काकी म्हणाली. “आणि येताना चुन्याची बादली घेऊन ये. भिंत पुसायचीय.”